पडलेली मॅच, लावलेली मॅच

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

मागं ऐकू येतंय ना? ऐकू येत नसेल त्यांनी हात वर करावा, असं म्हणण्यात अर्थ नसतो, हे मला तीस वर्षांच्या मास्तरकीत कळलंय. तेव्हा ऐकू येतंय असं धरून चालतो.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘दोन महायुद्धांमधला फुटबॉल आणि युरोपचं राजकारण’. विषय भारदस्त आहे. तो मी दिलेला नाही. मी फोनवर सांगितलं होतं, ‘फ्रेंडली मॅचबद्दल बोलीन.’ संयोजकांना ते हलकं वाटलं असावं. पण मला खरंच फ्रेंडलीबद्दल बोलायचंय, आणि युरोप त्यातच येतो.

आधी एक जुनी तक्रार मोकळी करतो. वर्तमानपत्रात वाचतो मी, ‘मैत्रीपूर्ण सामन्यात अमक्यानं तमक्याला नमवलं.’ मैत्रीपूर्ण! सत्यनारायणाच्या पूजेला बोलावल्यासारखा शब्द आहे हा. इंग्रजीत ‘फ्रेंडली’ म्हणतात म्हणून कुणीतरी शब्दकोश उघडून समोरचा शब्द उचलला आणि आपण तो पिढ्यान्‌पिढ्या छापतोय. ज्यानं हा शब्द रूढ केला त्याला एकदा जुलै महिन्यात गांधी मैदानावर, घोट्याएवढ्या चिखलात, उजव्या बगलेला उभा करायला पाहिजे होता.

आता मुद्दा. मंडळी, आपण कोल्हापूरचे. आपल्याकडं मॅच दोन तऱ्हेची. एक पडते आणि एक लावतात. सोडतीत चिठ्ठी निघाली, ‘आमची मॅच पहिल्याच फेरीत त्यांच्याशी पडली.’ पडली. पाऊस पडतो तशी. त्यात आपलं पाप नाही, पुण्यही नाही. पण लावलेली मॅच? ती कुणीतरी लावावी लागते. कुणीतरी निरोप धाडतो, कुणीतरी तो घेतो. मैदान कुणाचं, चेंडू कुणाचा, रेफ्री कुणाच्या ओळखीचा, ह्यावर चहाच्या चार फेऱ्या होतात. कुस्तीत तर हे आपल्याला पोरासोरांनाही कळतं. नेमलेली कुस्ती ही नुसत्या दोन पैलवानांची कधीच नसते. ती नेमणाऱ्याची असते.

माझं म्हणणं इतकंच आहे. वर्ल्ड कपात देश एकमेकांसमोर येतात ते सोडतीनं. फ्रेंडलीत येतात ते कुणाच्या तरी मर्जीनं. तेव्हा एखाद्या देशाच्या पोटात काय चाललंय हे बघायचं असेल तर त्यानं फ्रेंडली कुणाशी लावल्या आणि कुणाशी लावायच्या टाळल्या, ते बघा. दोन युद्धांमधल्या वीस वर्षांत हे लख्ख दिसतं. त्यासाठी मी सात गोष्टी काढून आणल्यात. पहिली हायबरीची. ती दहा मिनिटांत उरकतो.

बापू हसतायत. त्यांनी हे वाक्य माझ्या तोंडून आधी ऐकलंय.

तर लंडन. १४ नोव्हेंबर १९३४, बुधवार, दुपारची वेळ. दुपार अशासाठी की मैदानावर दिवे नव्हते. हायबरी हे आर्सेनल क्लबचं मैदान. एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला इटली. पाचच महिन्यांपूर्वी, १० जूनला, इटलीनं रोममध्ये चेकोस्लोव्हाकियाला २-१ असं जादा वेळेत हरवून वर्ल्ड कप जिंकला होता. स्पर्धा इटलीत, पाहुणे इटलीचे, आणि मुसोलिनी प्रेक्षकांत. इंग्लंड त्या स्पर्धेत नव्हतंच. १९३० च्या पहिल्या स्पर्धेतही नव्हतं. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही ह्या वादावरून त्यांनी १९२८ मध्ये फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना सोडलेली होती. आणि त्यांची समजूत अशी की खेळ आमचा, तेव्हा जगज्जेते आम्हीच. तुम्ही तुमची भातुकली खेळा. १९२९ मध्ये माद्रिदला स्पेननं त्यांना ४-३ असं हरवलं होतं. पण ते परदेशात. घरच्या मैदानावर ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुणीही त्यांना तोवर हरवलेलं नव्हतं. तिकडच्या वर्तमानपत्रांनी लिहून टाकलं, हीच खरी वर्ल्ड कपची फायनल. इटलीच्या वर्तमानपत्रांनाही ते हवंच होतं.

आता बघा, ही मॅच पडलेली आहे का? नाही. लावलेली आहे. कप इटलीच्या कपाटात आहे. हरलं तर गमवायचं इटलीला. मग हो का म्हणाले? कारण लंडनला जाऊन इंग्लंडला हरवल्याशिवाय त्या कपाला वजन नाही, हे त्यांच्या मॅनेजरला, व्हित्तोरिओ पोझ्झोला, मनातून पटलेलं होतं. हा पोझ्झो मोठा गमतीचा माणूस. तरुणपणी इंग्लंडात राहिलेला, मँचेस्टर युनायटेडच्या मॅचेस बघितलेला, त्यांच्या चार्ली रॉबर्ट्स नावाच्या सेंटर हाफवर भाळलेला. रॉबर्ट्स मधोमध उभा राहून दोन्ही बगलांना लांब चेंडू टाकायचा. तो सेंटर हाफ पोझ्झोच्या डोक्यात पुढची पंचवीस वर्षं बसला. म्हणजे इंग्लंडला हरवायला आलेल्या संघाचा कणा इंग्लंडातच शिकलेला होता. हा सेंटर हाफ लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्याच्या पायाच्या बोटावर उभं आहे.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याकडं लंडनला गेलो होतो. त्यानं विचारलं, ‘काका, काय बघायचं? राणीचा राजवाडा, मेणाचे पुतळे?’ म्हटलं, ‘हायबरी.’ तो म्हणाला, ‘काका, तिथं आता फ्लॅट झालेत.’ म्हटलं, ‘फ्लॅट बघू.’ गेलो. जमिनीखालच्या रेल्वेचं स्टेशन आहे, नाव ‘आर्सेनल’. १९३२ पर्यंत त्याचं नाव जिलेस्पी रोड होतं. हर्बर्ट चॅपमन ह्या मॅनेजरनं मागं लागून लागून रेल्वेला ते बदलायला लावलं. विचार करा, एका क्लबचा मॅनेजर रेल्वे स्टेशनचं नाव बदलून घेतो! आपल्याकडं फुटबॉल खेळणाऱ्या तालमींना हे सुचलं तर एकेका एस.टी. थांब्याला चार नावं पडतील. ह्या चॅपमनला ती मॅच बघायला मिळाली नाही. तो त्याच वर्षी जानेवारीत न्यूमोनियानं गेला. तर स्टेशनातून वर आलो, घरांची एक शांत गल्ली, आणि मग जुन्या स्टँडची दर्शनी भिंत तशीच ठेवलेली, आत माणसं राहतात. जिथं मैदान होतं तिथं बाग. झुडपं, बाकं, एक बाई बाबागाडी घेऊन चाललेली. पुतण्या म्हणाला, ‘काय बघताय एवढं?’ मी अंदाजानं पावलं टाकत होतो. इथं कुठंतरी इटलीच्या मोंतीचं बोट मोडलं, असं त्याला सांगितलं. त्यानं घरी बायकोला सांगितलं असणार, काका थकलेत.

मूळ मुद्द्यावर येतो. इंग्लंडच्या अकरा जणांत सात एकट्या आर्सेनलचे. एका देशाच्या संघात एकाच क्लबचे सात! मॉस गोलकीपर, मेल आणि हॅपगुड बॅकला, कॉपिंग हाफला, पुढं बोडेन, ड्रेक, बॅस्टिन. ह्यातल्या मेलची आणि ड्रेकची देशाकडून पहिलीच मॅच. हॅपगुड कॅप्टन. उजव्या बगलेला स्टोकचा एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याची दुसरीच मॅच, नाव स्टॅन्ली मॅथ्यूज. रेफ्री स्वीडनचा, ओल्सन. प्रेक्षक छप्पन्न हजारांच्या आसपास. मैदान पावसानं भिजलेलं.

मुसोलिनीनं प्रत्येक खेळाडूला जिंकल्यास एक आल्फा रोमिओ मोटार आणि वर रोख रक्कम कबूल केली होती, ही कथा ह्या मॅचच्या प्रत्येक वर्णनात येते. खरीखोटी मला सांगता येणार नाही. पण कथा म्हणूनही ती बोलकी आहे. मैत्री वाढवायला कुणी मोटार देत नाही.

शिट्टी वाजली. पहिल्याच मिनिटाला इंग्लंडला पेनल्टी. मँचेस्टर सिटीचा एरिक ब्रूक मारायला आला आणि इटलीच्या चेरेसोलीनं अडवली. इटलीला वाटलं असणार, दिवस आपला. आणि त्याच सुमारास, दुसऱ्याच मिनिटाला, मधोमध चेंडूवर दोघं एकदम आले. इंग्लंडचा ड्रेक आणि इटलीचा लुईस मोंती.

हा मोंती म्हणजे पोझ्झोचा तो सेंटर हाफ. मूळचा ब्वेनोस आयरेसचा. तिकडं त्याला ‘दुप्पट रुंद’ म्हणायचे, इतकं मैदान एकटा व्यापायचा. अंगानंही तसाच. स्वतः लोकांना तुडवण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच्याकडून मार खाल्लेल्यांची यादी केली तर आजचा कार्यक्रम त्यातच संपेल. आणि नेमका त्याच्याच पायावर ड्रेकचा पाय पडला. पायाच्या बोटाचं हाड मोडलं. इटलीवाले म्हणाले मुद्दाम मारलं. इंग्रज म्हणाले चेंडूवर गेला होता. आपल्याला हे दोन्ही संवाद पाठ आहेत.

इथं मला थोडं थांबायचंय.

(खुर्चीखालच्या पिशवीतून एक बूट काढून दाखवत) हा बघा. पुढच्या रांगेत फिरवा, पण मला परत द्या. हा १९३४ चा नाही, माझ्या थोरल्या भावाचा आहे. पण जात तीच. घोट्याच्या वर येणारं कातडं, पुढं डबीसारखं कडक टोक, आणि खाली कातड्याचे थर एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेले स्टड. कातडं झिजलं की खिळा डोकं वर काढायचा. रेफ्री मॅचच्या आधी तळवे बघायचा, पण पहिल्या अर्ध्या तासात कितीही झिजू शकतं, त्याचं काय? आणि हे सगळं भिजलं की एकेका पायाला अर्धा शेर चिखल. हा बूट पूर्ण वजनानिशी दुसऱ्याच्या बोटावर आला की काय होतं ते मी सांगू शकतो. कारण माझं झालंय.

१९७४ साल. दोन तालमी. नावं घेणार नाही. घेतली तर सभागृहाबाहेर आज तिसरी मॅच होईल. आधीच्या महिन्यात त्यांच्यात मैदानावर जे व्हायचं ते झालं होतं. मग पेठेतले जाणते बसले. ठरलं काय, तर भांडण मिटवायला एक फ्रेंडली लावायची. आग लागली म्हणून रॉकेल ओतायचं, पण प्रेमानं ओतायचं. मी लेफ्ट हाफ. बूट हाच, एक नंबर मोठा, टोकात कापूस कोंबलेला. दहाएक मिनिटं झाली असतील. चेंडू आमच्या दोघांच्या मध्ये, पाण्यात थबकलेला. मी डावा पाय घातला. त्यानं चेंडूच्या वरून घातला.

मोडलेलं हाड लगेच दुखत नाही, मंडळी. आधी गरम वाटतं. बुटात कुणी कोमट पाणी ओतल्यासारखं. मी चार पावलं पळालोसुद्धा. पाचव्याला पायच सापडेना. बदली खेळाडू ही पद्धत आमच्या मॅचला नव्हती, कारण अकरा जमवतानाच नाकी नऊ आलेले. मला म्हणाले, ‘बगलेला जाऊन उभा राहा, नुसता उभा राहा, त्यांचा एक माणूस तरी तुझ्यापाशी गुंतंल.’ मी उभा राहिलो. त्यांचा कुणीही माझ्यापाशी गुंतला नाही. माणूस लंगडतोय हे मैदानात सगळ्यांत आधी समोरच्या संघाला दिसतं.

मॅच संपल्यावर बूट निघेना. नाडी कापली, मग वरचं कातडं कापलं. ती चीर बघा, इथं आहे. भावानं त्या चिरेबद्दल मला दोन वर्षं ऐकवलं, बोटाबद्दल एकदाही विचारलं नाही. आणि ज्याचा पाय पडला होता तोच पोरगा मला सायकलवर डबलसीट बसवून घरी घेऊन आला. आई दारात. त्याला विचारलं, ‘काय रं, कसली मॅच हुती?’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘फ्रेंडली हुती, काकू.’ आईनं माझ्या पायाकडं बघितलं. बोट पिकल्या वांग्यासारखं झालेलं. म्हणाली, ‘मग दुश्मनी असती तर नुसतं मुंडकं आणलं असतंस व्हय?’

हाडवैदानं बोट बांधलं, ते थोडं तिरकंच जुळलं. अजून पावसाच्या आदल्या दिवशी ठणकतं. तो पोरगा पुढं माझा व्याही झाला, पण ती वेगळी गोष्ट.

सांगायचं असं की मोंती लंगडतोय हे मी वाचतो तेव्हा मला ते कळतं. तोही काही मिनिटं मैदानात तसाच रेटत राहिला. मग बाहेर गेला. बदली नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडू आला तो १९६५ मध्ये, म्हणजे ह्या मॅचनंतर एकतीस वर्षांनी. वर्ल्ड कप जिंकलेला संघ जवळजवळ सगळी मॅच दहा जणांनी खेळला. आणि तेही कोण गेला, तर कणा गेला. घडी विस्कटली. तिसऱ्या मिनिटाला ब्रूकचा गोल. दहाव्याला ब्रूकचा दुसरा. बाराव्याला ड्रेकचा. बारा मिनिटांत ३-०. पेनल्टी हुकलेली धरली नाही तर.

आणि मग इटलीनं ठरवलं की चेंडू बाजूला ठेवू. पुढचा अर्धा तास जे झालं त्यावरून ह्या मॅचचं नाव इंग्रजांनी ‘हायबरीची लढाई’ ठेवलं. हॅपगुडच्या तोंडावर कोपर बसलं, नाक मोडलं. बाहेर गेला, बांधून घेतलं, परत आला. ब्रूकचा हात, ड्रेकचा पाय, बोडेनचा घोटा. इंग्रजही काही कीर्तनाला आलेले नव्हते. त्यांचा विल्फ कॉपिंग खांदा घालून आडवं करण्यात पटाईत, आणि त्या दिवशी त्यानं हात आखडता घेतला नाही असं सगळे लिहितात. बिचारा मॅथ्यूज! एकोणीस वर्षांचं पोरगं, सुतासारखं सरळ खेळणारं. त्याला ती मॅच जन्मभर आठवत राहिली.

मध्यंतरात पोझ्झोनं खोलीत काय सांगितलं असेल ते असो. बाहेर आले ते वेगळेच दहा जण आले. भांडण संपलं, खेळ सुरू झाला. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला जुझेप्पे मेआझ्झाचा गोल. बासष्टाव्याला पुन्हा मेआझ्झा. ३-२. चिखल, दहा माणसं, परकं मैदान, आणि शेवटचा अर्धा तास इंग्लंडचा गोलकीपर मॉस एकटा किल्ला लढवतोय. इकडं इटलीत निकोलो कारोसिओचं रेडिओवरचं धावतं वर्णन लोक कान लावून ऐकतायत. बरोबरी झाली नाही. इंग्लंड ३, इटली २.

आता गंमत बघा. जिंकलेल्या इंग्लंडात सुतक. असल्या लोकांशी पुन्हा खेळायचंच कशाला, अशी चर्चा त्यांच्या फुटबॉल असोसिएशनपर्यंत गेली. स्टॅन्ली राऊस हे नवे सेक्रेटरी त्याच वर्षी आलेले, त्यांच्या कपाळी हे सुरुवातीलाच. आणि हरलेल्या इटलीत मात्र जल्लोष. त्या संघाला नाव पडलं, ‘हायबरीचे सिंह’. आपल्याकडं गड आला पण सिंह गेला. त्यांचा गड गेला आणि अकरा सिंह आले.

हसू नका, हे आपल्याला चांगलं कळायला पाहिजे. पानिपत आपण हरलो, पण सांगतो कसं? छाती काढून सांगतो. दहा जणांनी झुंज दिली, बोट मोडलं नसतं तर, विश्वासराव पडले नसते तर... हा ‘तर’ फार कामाचा शब्द आहे. मुसोलिनीच्या माणसांना हे नेमकं कळलं होतं. जिंकले असते तर एक दिवस फटाके वाजले असते. हरल्यामुळं दंतकथा मिळाली.

आणि ह्या सिंहांतले तीन सिंह तर अर्जेंटिनाचे होते, ओर्सी, ग्वाइता आणि आमचा मोंती. बापजादे इटलीतून गेलेले, म्हणून ह्यांना परत आणून इटालियन करून घेतलं. मोंती १९३० ची वर्ल्ड कप फायनल अर्जेंटिनाकडून खेळला आणि हरला, १९३४ ची इटलीकडून खेळला आणि जिंकला. दोन देशांकडून दोन फायनल खेळलेला दुसरा माणूस नाही. बाहेरचे खेळाडू कशाला, असं विचारणाऱ्यांना पोझ्झोचं उत्तर तयार असायचं: जो इटलीसाठी मरू शकतो तो इटलीसाठी खेळू शकतो. म्हणजे लष्करात घेता ना, मग संघात का नको. बरोबर वाटतं ऐकायला. पण वर्षभरात, १९३५ च्या सप्टेंबरात, अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, युद्धाची चाहूल लागली, तेव्हा भरतीच्या भीतीनं हा ग्वाइता रोमा क्लबच्या आणखी दोन अर्जेंटिनी खेळाडूंबरोबर देश सोडून पळाला. खेळायला तयार होता. मरायचं काही त्याच्या करारात नव्हतं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ खाली दोन रेघा. संयोजक, मी मास्तर होतो, दोन रेघांचा अर्थ मला कळतो.

मग उरलेल्या सहा गोष्टी भरभर सांगतो. खरं तर व्याख्यान ह्यांचंच होतं.

पहिली, न लावलेल्या मॅचची. पहिलं महायुद्ध संपलं आणि ब्रिटिश संघटनांनी सांगितलं, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरीशी आम्ही खेळणार नाही. आणि जे त्यांच्याशी खेळतील त्यांच्याशीही नाही. फिफा ऐकेना, म्हणून १९२० मध्ये बाहेर पडले. १९२४ मध्ये परत आले, १९२८ मध्ये पुन्हा गेले, ते मघाशी सांगितलं. म्हणजे मॅच न लावणं हे परराष्ट्र धोरण. आपल्याकडं ह्याला पंगतीला न बोलावणं म्हणतात, आणि त्याची धार सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी, रशियाची. सोव्हिएत संघ फिफात नाही, त्याच्याशी खेळायला कुणी तयार नाही. १६ नोव्हेंबर १९२४ ला मॉस्कोत त्यांची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली. कुणाशी? तुर्कस्तानशी. ३-० जिंकले. का तुर्कस्तान? नकाशा उघडा आणि त्या काळात अंकाराशी मॉस्कोचं किती गूळपीठ होतं ते वाचा. सोडतीत हे निघालं नसतं.

तिसरी, ४ डिसेंबर १९३५, पुन्हा लंडन. हायबरीनंतर ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या इंग्लंडनं वर्षभरानं जर्मनीशी मॅच लावली, हिटलरच्या जर्मनीशी. आणि कुठं, तर टॉटनहॅमच्या मैदानावर. त्या क्लबच्या प्रेक्षकांत ज्यू मोठ्या संख्येनं, हे लावणाऱ्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? कामगार संघटनांनी विरोध केला, त्यांचे वॉल्टर सिट्रिन गृहमंत्र्यांकडं गेले. गृहमंत्री सर जॉन सायमन म्हणाले, हा खेळ आहे, ह्यात राजकारण नाही. हजारो जर्मन प्रेक्षक आगगाड्या-बोटींनी आले. मैदानावर स्वस्तिकाचा झेंडा लागला. आपलं नव्हे, त्यांचं. एक कामगार छपरावर चढला आणि त्यानं तो खाली ओढला. इंग्लंड ३-० जिंकलं, पण मला त्या मॅचमधला एकच खेळाडू आठवतो आणि तो छपरावर होता.

चौथी फार हळू सांगायला पाहिजे होती, पण इलाज नाही. ३ एप्रिल १९३८, व्हिएन्ना. मार्चमध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला. ऑस्ट्रियाचा संघ वर्ल्ड कपसाठी पात्र ठरलेला, तो मोडला. मोडण्याआधी एक मॅच लावली, जुना ऑस्ट्रिया आणि जर्मनी, पुनर्मीलनाच्या आनंदात. एका आठवड्यानं सार्वमत होतं, त्याच्या प्रचाराची ती सभाच म्हणा. बरोबरी करा असा वरून इशारा होता, असं सांगतात. ऑस्ट्रियाचा माथियास झिंडेलार, कागदासारखा हलका म्हणून ज्याला ‘कागदी माणूस’ म्हणायचे, त्यानं गोल केला. मग शेस्तानं दुसरा. २-०. झिंडेलार नंतर जर्मनीकडून खेळला नाही. २३ जानेवारी १९३९ ला तो घरात मरण पावलेला सापडला, विषारी वायूनं. त्यावर लोक अजून बोलतात. आणि दोन्ही देश एक करून नेलेला तो जर्मन संघ वर्ल्ड कपमध्ये पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडकडून गेला. ती मॅच पडलेली होती. पडलेल्या मॅचला हुकूम देता येत नाही.

पुन्हा चिठ्ठी? शिपाईमामा किल्ली घेऊन उभे आहेत, दिसतंय मला. पाचवी सांगतो, त्याच वर्षाची. १४ मे १९३८, बर्लिन, लाखाहून जास्त प्रेक्षक. इंग्लंडच्या अकरा जणांनी मॅचच्या आधी उजवा हात पुढं करून नाझी सलाम केला. त्यांच्या राजदूतानं, हेंडरसननं, तसं सुचवलं होतं. असोसिएशननं मान हलवली. रांगेत पुन्हा मोडक्या नाकाचा हॅपगुड, कॅप्टन. पुन्हा मॅथ्यूज, आता तेवीसचा. मग खेळून ६-३ असं जिंकले, आणि आज त्या सहांतला एकही गोल लोकांना आठवत नाही, तो हातच आठवतो. खोलीत खेळाडू चिडले, कुरकुरले. पण मॅच ज्यांनी लावली ते खेळणारे नव्हते.

आणि शेवटची, सहावी. हायबरीला शेपूट म्हणून ती मी घेतो. १३ मे १९३९, मिलान. पुन्हा इटली आणि इंग्लंड. इटली आता दोनदा जगज्जेता. इटलीच्या सिल्व्हिओ पिओलानं उडी मारली आणि डोक्याऐवजी मुठीनं चेंडू जाळ्यात घातला. गोल दिला. तीच मूठ पुढं जाऊन जॉर्ज मेलच्या डोळ्यावर बसली, तोच मेल, ज्याची पहिली मॅच हायबरीला होती. इटलीचे युवराज उंबेर्तो प्रेक्षकांत होते. त्यांनी राऊसना विचारलं म्हणे, मी खाली जाऊन रेफ्रीला सांगू का, हात लागलाय म्हणून? राऊस नको म्हणाले. मॅच २-२ अशी सुटली. मूठ इटलीची, डोळा इंग्रजाचा, आणि गोल देणारा रेफ्री डॉक्टर बाउवेन्स, जर्मनीचा. महायुद्धाचा सप्टेंबर उजाडायला साडेतीन महिने होते.

बूट कुणाकडं आहे? तिसऱ्या रांगेत? द्या इकडं. नाडी नको ओढू बाळा, ती मूळचीच कापलेली आहे.